तलवार गेली, विद्या राहिली

इ. स. १८७६ मध्ये जपान सरकारने लष्कर व पोलीस वगळता इतरांना कमरेला तलवार लावण्यास बंदी केली. सामुराईंसाठी तलवारी घडवणाऱ्या लोहारांचे गिऱ्हाईकच गेले. अनेकांनी विळे-सुऱ्या घडवून पोट भरले. या तलवारीचे पोलाद लोहयुक्त वाळू व कोळसा वापरून ‘तातारा’ भट्टीत तीन दिवस, तीन रात्री गाळतात. १९४५ मध्ये ही भट्टीही विझली. १९७७ मध्ये शिमाने प्रांतात ती पुन्हा पेटली, कारण तिच्यावर राबलेले जाणते कारागीर तेव्हा हयात होते. आज लोहाराचा परवाना मिळण्यासाठी गुरूकडे काही वर्षे शिकावे लागते. आम्हांस यात एकच बोध दिसतो. वस्तू कपाटात टिकते, विद्या मात्र हातातून हातात जाते. विद्यार्थी मित्रहो, वडीलधाऱ्यांचे कसब त्यांच्या हयातीतच शिकून घेऊ या.