तेलवाहिन्यांचा आतील गंज व गळती

सानगडी परिसरातील शिक्षकांस धानाच्या बांध्यांचा अनुभव आहेच. धुऱ्यात खेकड्याने केलेले बीळ वरून दिसत नाही. धुरा शाबूत भासतो आणि एके रात्री बांधीतील पाणी वाहून जाते. जमिनीखालून अथवा समुद्रतळावरून खनिज तेल नेणाऱ्या पोलादी नळांचीही अशीच गत होऊ शकते. बाहेरून त्यांस संरक्षक लेप असतो. परंतु झीज आतून सुरू होते.

विद्यार्थी विचारील, 'तेल लावलेले लोखंड गंजत नाही. मग तेलाचाच नळ का गंजावा?' दोष तेलाचा नसून विहिरीतून त्यासोबत येणाऱ्या खाऱ्या पाण्याचा व वायूंचा आहे. प्रवाह मंदावला की जड पाणी नळाच्या तळाशी, विशेषतः सखल जागी, साचते. त्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळून सौम्य आम्ल बनते. गाळाखाली सूक्ष्म जंतूही वाढतात. तेथे पोलादास खळगे पडतात व एखादा आरपार जातो.

अलास्कात मार्च २००६ मध्ये अशाच झिजेमुळे पडलेल्या एका लहानशा छिद्रातून ८ ते १० लाख लिटर तेल वाहून गेले. गळती मंद असल्याने ती कित्येक दिवस कळलीच नाही.

आपल्या राज्यात मुंबई हायचे तेल सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या वाहिनीने उरणला येते. मुंबई हाय येथील तेलनळ मे १९९३ मध्ये फुटला. २१ जानेवारी २०११ रोजी मुंबई-उरण वाहिनीतून गळती झाली. गळतीचे कारण कोणतेही असो, तवंग किनाऱ्याकडे आला की कोळी बांधवांच्या उपजीविकेवर घाला येतो.

यावर उपाय आहेत. तेलातील पाणी आधीच वेगळे काढतात व गंजरोधक द्रव्य मिसळतात. शिवाय 'पिग' नावाचे साधन नळात सोडतात. ते तेलाच्याच दाबाने पुढे सरकते. साधे पिग गाळ व पाणी खरवडून नेते. चुंबकीय पिग नळाची भिंत कोठे व किती झिजली याची नोंद घेते.

वर्गात करावयाचा प्रयोग : तीन बाटल्यांत अनुक्रमे गोडे तेल, साधे पाणी व मिठाचे पाणी घेऊन प्रत्येकीत जस्ताचा मुलामा नसलेला एक लोखंडी खिळा बुडवावा. येथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू गंज चढवितो. तेलनळात बहुधा आम्ल झीज घडविते. पाणी मात्र दोन्हीकडे लागते. आठ दिवसांनी मुलांनी तिन्ही खिळे काढून पाहावेत व आढळलेला फरक वहीत लिहावा.