माणदेशाचं पाणी नेमकं कुठं अडतं?

माणदेशाला सर्रास ‘वाळवंट’ म्हटलं जातं. ते खरं नाही. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस होत नाही. माण, आटपाडी, जतला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. फक्त तो मोजक्या दिवसांत, लहरीप्रमाणे येतो आणि मुरमाड उतारावरून वाहून जातो. माण तालुका ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्यातल्याच महाबळेश्वरावर ५,००० मिलिमीटरहून अधिक कोसळतो. सह्याद्रीच्या माथ्यावरच ढग रिते होतात, पूर्वेला उरते पर्जन्यछाया.

मग कृष्णेचं पाणी वर चढवलं की प्रश्न मिटला? टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी दुष्काळी पट्ट्यात पाणी पोचवलं, ही लहान गोष्ट नव्हे. पण टप्प्याटप्प्यानं पंप चालवायचे म्हणजे प्रत्येक आवर्तनाला विजेचं बिल आलंच. त्यातले ८१ टक्के शासनानं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचे, हे सूत्र त्यातूनच आलं. इतकं महागाचं पाणी पाटानं उसाला सोडणं म्हणजे चैनच.

‘ठिबक बसवलं की पाणी वाचलंच’ हाही अर्धा समज. ठिबकनं पाणी थेट मुळाशी जातं, बाष्पीभवन घटतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर विहीर होती तिथंच. तुलनेनं कमी पाण्यावर आटपाडीचं डाळिंब तगतं. तासगाव-जतच्या द्राक्षांना तर कोरडी हवाच कामी येते: बेदाणा तिच्यातच वाळतो.

जास्त पाणी म्हणजे जास्त पीक, या समजाची किंमत मात्र सुजलाम पट्ट्यानं मोजली. वाळवा, मिरज, पलूसमध्ये कृष्णाकाठच्या काळ्या रानांत निचरा न झाल्यानं भूजल वर आलं, मागे क्षार राहिले आणि जमिनी क्षारपड झाल्या. आता तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून जादा पाणी बाहेर काढावं लागतं!

वाटपाचा धडा १९८०च्या दशकातच खानापूर तालुक्यानं दिला. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीतली वाळू विकून पैसा उभा केला आणि बळीराजा धरण बांधलं. त्या पाण्यात भूमिहीनांचाही हक्क धरला होता. पुढे पाणी चळवळीतले नेते नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून समन्यायी वाटपाचीच मागणी लावून धरली.