टीएसएच सहा, वय शहात्तर

कोल्हापुरात रंकाळा तलावाला सकाळची फेरी मारून कट्ट्यावर टेकणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत बीपी-शुगरच्या जोडीला आता टीएसएच आला आहे. ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेतलं की त्यात थायरॉईड असतोच. समजा, शहात्तर वर्षांच्या आजोबांचा आकडा ६.२ आला. रिपोर्टवर वरची मर्यादा साडेचारच्या आसपास, त्यामुळे तो ठळक अक्षरांत छापलेला. घरच्यांच्या लेखी निदान तिथेच होतं.

खरं तर टीएसएच थायरॉईड ग्रंथीत तयारच होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी तो सोडते आणि गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड मंदावली की टीएसएच चढतो. टीएसएच चढलेला, पण थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक टी-४ मात्र नॉर्मल, या अवस्थेला डॉक्टर सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. म्हातारपणी हा आजार समजायचा की वयाचा भाग?

फिलाडेल्फियातल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एंडोक्रिनॉलॉजिस्ट डॉ. ॲन कॅपोला यांनी अनेक वर्षं याच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे. त्यांचा गाजलेला शोधनिबंध २००६ मध्ये ‘जामा’त आला. अमेरिकेतल्या चार ठिकाणच्या, पासष्टी ओलांडलेल्या ३,२३३ जणांचं रक्त १९८९-९० मध्ये घेतलेलं होतं, आणि त्यांच्या प्रकृतीची नोंद २००२ पर्यंत ठेवली गेली. त्यातल्या १५ टक्के लोकांना सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम होता. म्हणजे साधारण दर सातांत एक! पण हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू यांपैकी कशातही हे लोक इतरांपेक्षा पुढे नव्हते. धोका दिसला तो उलट्या टोकाला. ज्यांची थायरॉईड किंचित जास्त चालत होती, त्यांच्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचं, प्रमाण जवळपास दुप्पट होतं.

ही गोष्ट महत्त्वाची, कारण मंदावलेल्या थायरॉईडसाठी दिल्या जाणाऱ्या थायरॉक्सिनच्या गोळीचा डोस जास्त झाला तर माणूस नेमका त्याच टोकाला जातो. शिवाय हाडंही ठिसूळ होतात.

नेदरलँड्समधल्या लायडेन शहरात पंच्याऐंशी वर्षांच्या ५९९ जणांवर झालेला अभ्यास २००४ चा. तिथे तर टीएसएच वाढलेले वृद्ध जास्त जगताना दिसले. २०१७ मध्ये ‘ट्रस्ट’ चाचणीने गोळीचीच परीक्षा घेतली. युरोपातल्या ७३७ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. वर्षभरात औषधवाल्यांचा टीएसएच सरासरी ३.६ वर उतरला, कागद सुधारला. थकवा मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला. शिवाय निरोगी लोकांतही टीएसएचची वरची मर्यादा वयाबरोबर सरकते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ती ऐंशीच्या पुढे साडेसातच्या घरात निघाली. लॅबच्या छापील रिपोर्टवर बहुधा विशीतली सून आणि तिचे आजेसासरे यांना एकच मर्यादा लावलेली असते, याचं नवल वाटतं.

याचा अर्थ थायरॉईडची सगळी काळजी खोटी, असा मुळीच नाही. मुंबई आणि गोव्यासह भारतातल्या आठ शहरांतल्या प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १०.९५ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम आढळला आणि त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. म्हातारपणी तर तो ओळखणं आणखी अवघड. बद्धकोष्ठ, विसराळूपणा, थंडी वाजणं, सुस्ती... घरचे म्हणतात, ‘आता वयच झालं.’

म्हणून किंचित वाढलेल्या आकड्यावर पहिला उपाय म्हणजे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, सोबत टी-४. टीएसएच दहाच्या वर टिकला, तर गोळीचा विचार गांभीर्याने होतो. टी-४ च उतरलेला असेल तर गोळी लागतेच, आणि वयस्कांत ती लहान डोसने सुरू करतात. चालू असलेली गोळी मनाने बंद करायची नाही. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि सकाळचा चहा अर्धा-पाऊण तास थांबवायचा. गुडघ्यांसाठी म्हणून आजीला सुरू असलेली कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिनच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची, नाहीतर थायरॉक्सिन पोटात नीट शोषलंच जात नाही आणि पुढच्या रिपोर्टात टीएसएच पुन्हा चढलेला दिसतो.