टॅब वाटले, म्हणजे शिकणं झालं?

वर्गात टॅब आले, फळ्याशेजारी पडदा लागला की मुलांचा अभ्यास आपोआप सुधारतो, ही समजूत फार पक्की आहे. पेरू देशाने ती आजमावून पाहिली. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ योजनेत तिथे लाखो लॅपटॉप वाटले गेले. पण ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत काहीच फरक दिसला नाही.

म्हणून हे सगळं फुकट, असं म्हणणंही चूकच. दिल्लीत शाळेच्या वेळेबाहेर चालणाऱ्या ‘माइंडस्पार्क’ या संगणक-शिकवणीच्या केंद्रांत सहावी ते नववीची मुलं येत. त्यातली बरीच गणितात काही इयत्ता मागे होती. नववीतल्या मुलाला पाचवीचे अपूर्णांक अडत असतील, तर संगणक तिथूनच सुरुवात करी. भरगच्च वर्गात एकट्या शिक्षकाला हे जमणं अवघड असतं. साडेचार महिन्यांत ही मुलं गणित आणि हिंदीत इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली. आणि हे विसरू नये, की तिथे दीड तासाच्या सत्रातला निम्मा वेळ संगणकाचा, तर उरलेला निम्मा शिकवणाऱ्या माणसाचा होता.

‘आता घरोघरी फोन आहे, मग अडचण कसली?’ असंही म्हटलं जातं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार २०२४मध्ये ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. तो वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्यावर काही अभ्यास केला होता. समाजमाध्यमांसाठी तो वापरणारे ७६ टक्के होते. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांच्या मागेच होत्या.

साधन महागडंच हवं, हेही खरं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि घरच्या फोनवर धडे ऐकता-पाहता येऊ लागले. बोट्स्वानात तर २०२०मध्ये शाळा बंद असताना साध्या फोनवर दर आठवड्याला गणिताचा एसएमएस गेला, त्यापाठोपाठ शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. मुलांचं गणित सुधारलं. नुसते एसएमएस मिळालेल्या मुलांत मात्र तसा ठोस फरक पडला नाही.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांनो, पुढच्या सभेत टॅबच्या किमतीआधी एवढं विचारा: कोणतं मूल कुठे अडलंय, हे त्यातून आमच्या बाईंना कळणार आहे का?