जुन्या कॉम्प्युटरात दुसरे बिऱ्हाड

महाशिवरात्रीची जत्रा आली की आमच्या मार्कंड्यात कुणाचेच घर फक्त स्वतःचे राहत नाही. इथे वैनगंगा उत्तरेकडे वळते, तिच्यात स्नान करून देवळात जायला लांबलांबून माणसे येतात, आणि ओळखीपाळखीची चार घरे आपल्याकडे उतरतात. ओसरीवर त्यांचे अंथरूण, परसात त्यांची चूल. आपली चूल वेगळी, त्यांची वेगळी, पाणी मात्र एकाच विहिरीचे. कॉम्प्युटरात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालणे म्हणजे काय, हे भाच्याने मला सांगितले तेव्हा मी म्हटले, "म्हणजे जत्रेतले पाहुणेच की रे!" तो म्हणाला, "हो मामीजी, फक्त हे पाहुणे जाणार नाहीत."

आमचा कॉम्प्युटर 2011 सालचा. ह्यांचे किराण्याचे दुकान आहे, त्याचा हिशेब त्याच्यावर. त्यात विंडोज 7. या विंडोज 7 ची देखभाल कंपनीने 14 जानेवारी 2020 ला थांबवली, म्हणजे नवीन सुरक्षेची डागडुजी तेव्हापासून बंद. विंडोज 10 वाल्यांवरही 14 ऑक्टोबर 2025 ला तीच वेळ आली, तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी हा प्रश्न असणारच. बँकेचे काम, मुलीच्या शाळेचे फॉर्म अशा कुलूप नसलेल्या घरातून करणे मला बरे वाटेना. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानदाराला दाखवला, तर तो म्हणाला, "भंगारात द्या बाई, नवीन घ्या." नवीन घ्यायचे पैसे असते तर त्याच्याकडे कशाला गेले असते?

बरे, विंडोज काढून टाकावे तर हिशेबाचा प्रोग्राम फक्त त्याच्यावरच चालतो. म्हणून ठरले असे, की विंडोज हिशेबापुरते राहील, त्याला इंटरनेट द्यायचे नाही. आणि शेजारी लिनक्स घालायचे, इंटरनेटची सगळी कामे त्यावर. लिनक्स फुकट मिळते. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये त्याचा गाभा लिहिला आणि पुढे जगभरच्या लोकांनी ते वाढवले. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचे लिनक्स काढलेले आहे, केरळातल्या सरकारी शाळांत मुले लिनक्सवरच शिकतात. आम्ही 'लिनक्स मिंट' घेतले, त्यातलाही 'एक्सएफसीई' नावाचा हलका प्रकार. त्याला निदान 2 जीबी मेमरी लागते, 4 असली तर बरे. आमच्यात 2 होती, भाच्याने एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरातली आणखी 2 ची पट्टी आणून बसवली. आणखी एक पाहून घ्या: मशीन 64 बिटचे आहे की 32 चे. अलीकडचे मिंट 64 वरच चालते.

आता आमच्या फजितीकडे येते.

पहिली फजिती पेनड्राइव्हची. सुमारे तीन जीबीची फाइल भाच्याच्या लॅपटॉपवर उतरवली आणि मी ती गाणी कॉपी करावी तशी पेनड्राइव्हवर टाकली. कॉम्प्युटर सुरू केला, ढिम्म! सरळ विंडोजच उघडले. दोन दिवस वाटले पेनड्राइव्हच खराब. तसे नसते. ती फाइल म्हणजे बांधलेले गाठोडे. 'रूफस' किंवा 'एचर'सारख्या प्रोग्रामने ते सोडून पेनड्राइव्हवर मांडावे लागते, तरच मशीन त्यावरून सुरू होते. (रूफसची नवी आवृत्ती विंडोज 7 वर चालत नाही, म्हणून हे काम लॅपटॉपवर.) पेनड्राइव्हवर आधी काही असेल तर ते पुसले जाते, हे लक्षात असू द्या. शिवाय मशीन सुरू होतानाच एफ12, एफ9, एस्केप यांपैकी एक बटण दाबून 'पेनड्राइव्हवरून सुरू हो' असे सांगावे लागते. कोणते बटण, ते प्रत्येक कंपनीचे निराळे. सुरुवातीला क्षणभर पडद्यावर दिसते. आमचे चौथ्या वेळी सापडले.

मग लिनक्स पेनड्राइव्हवरूनच उघडले, काहीही न बसवता. ही सोय मला फार आवडली. साडी अंगावर लावून पाहावी तसे. आवाज येतो का, वायफाय सापडते का, पडदा नीट दिसतो का, सगळे आधीच बघता येते. आमचे वायफाय सापडले नाही. भाच्याने मोबाइल वायरने जोडून त्याचे इंटरनेट दिले, आणि मग ड्रायव्हर उतरवून घेतला. पण वेबसाइट उघडायला गेलो तर प्रत्येक ठिकाणी 'सुरक्षित नाही'! कारण काय, तर घड्याळ 2010 साल दाखवत होते. आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली. सीआर2032 असा तिच्यावर नंबर असतो, घड्याळवाल्याकडे मिळते. जुन्या मशीनला हात घालण्याआधी ही बॅटरी बदलाच.

आणि आता खरी गोष्ट. बसवायला सुरुवात केली, तर पडद्यावर 'विंडोजच्या शेजारी बसवा' हा पर्यायच नाही. दिसतो तो एकच ठळक: 'डिस्क पुसून बसवा'. माझे बोट माउसवर होते. वाटले, पुढे गेले की विचारील. भाचा ओरडला, "मामीजी, थांबा!" ते एक बटण दाबले असते, तर ह्यांचा हिशेब तर गेलाच असता, पण डी ड्राइव्हमध्ये सासूबाईंच्या ओव्या होत्या. जात्यावरच्या, एकशे बारा. 2012 मध्ये नणंदेने त्यांच्या शेजारी बसून टाइप केलेल्या. सासूबाई जाऊन तीन वर्षे झाली. ती वही नंतर पावसात भिजून गेली, आणि ओव्या फक्त तिथेच.

त्या दिवशी मशीन बंद करून ठेवले. स्वयंपाकात मीठ दोनदा पडले.

पर्याय का दिसत नव्हता? जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य कप्पे जास्तीत जास्त चारच करता येतात. आमच्या कपाटात ते चारही भरलेले: एक छोटासा सुरू होण्याचा, सी, डी आणि कंपनीने ठेवलेला दुरुस्तीचा. डिस्कमध्ये जागा रिकामी असूनही पाचवा कप्पा लावता येत नव्हता. विंडोजमधूनच पाचवा करू गेलो तर ते 'डिस्क डायनॅमिक करू का' असे विचारते. तिथे हो म्हणू नका. मग लिनक्स शेजारी बसवणे जास्तच अवघड होऊन बसते. उपाय असा, की चारांपैकी एक मोडून त्या जागी 'एक्स्टेंडेड' म्हणजे पोटात आणखी कप्पे घेणारा कप्पा करायचा. मोडता येण्याजोगा एकच होता. डी.

म्हणून आधी सगळे बाहेर काढले. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर. नुसते कॉपी करून भागत नाही, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायचे, असे भाचा म्हणाला म्हणून त्याच्या लॅपटॉपवर ओव्यांची फाइल उघडली. उघडली ती इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे! मला रडूच कोसळले. पण फाइल बिघडलेली नव्हती. त्या काळी मराठी टाइप करायला कंपनीकंपनीचे फॉन्ट वेगळे असत. आत इंग्रजीचीच अक्षरे, त्यांवर मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसेल तिथे मुखवटा गळून पडतो. जुन्या मशीनमधून तो फॉन्ट नेऊन घातला, आणि पहिली ओवी तशीच्या तशी समोर आली. तुमच्याकडे जुनी मराठी पत्रे, पाककृती, लग्नाच्या याद्या असतील, तर फाइलींबरोबर त्यांचा फॉन्टही जपून ठेवा.

मग डी मोडला. ह्यांनी दुकानातला इन्व्हर्टर आणून लावला, कारण आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि कप्पे हलवताना वीज जाणे म्हणजे पुरणाचे पातेले हातातून सुटण्यासारखे. पेनड्राइव्हवरच्या 'जीपार्टेड' प्रोग्रामने पोटकप्पे केले: एक नवा, लहान डी, आणि उरलेली जागा लिनक्सला. बसवताना 'डिस्क पुसून' वाल्याखालचा 'समथिंग एल्स' पर्याय घेतला, लिनक्सची जागा स्वतः दाखवली. पाऊण तासात काम झाले. मशीन सुरू करताच यादी आली: वर लिनक्स, खाली विंडोज. ह्यांनी पहिल्यांदा विंडोज उघडून पाहिले, हिशेब जागेवर. तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला.

आठवड्याने दुकानात नवाच घोळ. हे पहाटे पाच वाजता उठून हिशेब लिहितात. "अगं, आजच्या नोंदी कालच्या तारखेला का पडतात?" शिल्लक जुळेना. माझ्यावरच संशय. कारण मजेशीर निघाले: आतले घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचे समजते, लिनक्स ते आंतरराष्ट्रीय वेळेवर ठेवते. दोन्हींत फरक साडेपाच तासांचा. म्हणून पहाटेचे पाच म्हणजे विंडोजला आदल्या रात्रीचे साडेअकरा! लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एक ओळ इंग्रजी अक्षरांत टाइप करायची: टाइमडेटसीटीएल, जागा, सेट-लोकल-आरटीसी, जागा, 1. मग विंडोजचे घड्याळ एकदा हाताने बरोबर केले, आणि शिल्लक पैशाला पैसा जुळली.

लिनक्समध्ये मराठी कीबोर्ड लावायला वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, सेटिंगमध्ये निवडायचा. शाळेत मी इनस्क्रिप्ट शिकले होते, तो तिथे आहेच. शाळेतून आल्यावर भात लावून रोज थोडा वेळ बसते, आणि जुन्या फॉन्टातल्या ओव्या वाचून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करते, म्हणजे मुलीला मोबाइलवरही वाचता येतील. नणंद फोनवर एखादा शब्द दुरुस्त करते, "तसं नाही, आई 'मले' म्हणायची." अठ्ठेचाळीस झाल्या. प्रिंटर मात्र अजून लिनक्सला ओळख दाखवत नाही, भाचा दिवाळीला आला की बघू.