बाहुलीलाही दम लागतो

माहुलसारख्या वसाहतीत चार वर्षांच्या मुलाला स्पेसरचा मास्क लावायचा म्हणजे घरात दोन माणसे लागतात. एकाने हात धरायचे, दुसऱ्याने मास्क दाबायचा. मूल मान फिरवते, किंचाळते, तेवढ्यात पंप दाबला जातो आणि औषध गेले असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसापर्यंत त्यातले फारच थोडे पोहोचते. बाकीचे मास्कच्या फटीतून हवेत जाते किंवा घशाला चिकटते. दम कमी होत नाही. मग शेजारीण सांगते, ‘पंपाची सवय लावू नकोस, गोळीच बरी.’

या झटापटीवर एक स्वस्त उपाय आहे. तो औषधाच्या दुकानात मिळत नाही, लोकरीच्या उरलेल्या तुकड्यांतून घरीच विणता येतो. वीतभरही उंची नसलेली बाहुली, तिच्या तोंडावर लोकरीचाच छोटासा मास्क. मुलाने आधी तिला पंप द्यायचा, मग स्वतः घ्यायचा.

माहुलमध्ये या गोष्टीला वजन आहे. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी असलेल्या या भागात केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये आरोग्य पाहणी केली होती. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. पुढे २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर अनेक कुटुंबे इथल्या सातमजली इमारतींत आली. मोठ्यांनी मोर्चे काढले, न्यायालयात दाद मागितली. लहान मुलांच्या वाट्याला नेब्युलायझर आणि पंप आले.

पंपाबद्दलचा गैरसमज आधी दूर करायला हवा. सालब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते; पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या गोळीच्या विसाव्या हिश्श्याइतके. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या शरीरात फिरून थोडीशी फुप्फुसात येते. वाटेत हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत उतरते. ‘सवय’ लागते ती आजाराच्या खुणा ओळखायची, आणि ती चांगलीच. मात्र हे सगळे मास्क नाका-तोंडावर घट्ट बसला आणि मुलाने शांतपणे पाच-सहा श्वास घेतले तरच. मूल शांत कसे राहील, हाच खरा प्रश्न आहे.

मूल घाबरते, कारण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दाबले जाते आणि त्यात त्याचा काही अधिकार नसतो. खेळात तो अधिकार त्याला परत मिळतो. भातुकलीत पोरी बाहुलीला औषध पाजतात, रागावतात, ‘आता नाही दुखणार हं’ म्हणतात, ते याच कारणाने. जगभरच्या बालरुग्ण विभागांत शस्त्रक्रियेआधी किंवा सलाईन लावण्याआधी बाहुलीवर सगळे करून दाखवतात, मुलाच्या हातून करवूनही घेतात. बाहुलीचा पंप नेहमी दम नसताना, दुपारच्या निवांत वेळी खेळावा. धाप लागल्यावर खेळ सुरू करायला उशीर झालेला असतो.

आता विणकाम. १० नंबरच्या सुयांवर ३० टाके घालावेत. एक ओळ सुलट, एक उलट. पँटच्या रंगाच्या बारा-चौदा ओळी, मग सदऱ्याच्या बारा, चेहऱ्याच्या दहा आणि केसांच्या आठ. टाके दोऱ्यात ओवून डोक्याकडून घट्ट ओढायचे, पाठीमागची शिवण घालायची, भरायचे, तळ बंद करायचा आणि मानेपाशी दोरा बांधला की बाहुली तयार. वीस-पंचवीस ग्रॅम लोकर पुरते, तीही चार रंगांत विभागून. म्हणून स्वेटरमधून उरलेले, कुणी टाकून दिलेले गुंडे चालतात. वीण घट्टच हवी, नाहीतर आतला कापूस डोकावतो.

यातली गंमत रंगांच्या निवडीत आहे. मूल सावळे असेल तर चेहरा तपकिरी लोकरीचा. शाळेच्या गणवेशाचा रंग. दोन वेण्या, चष्मा, पायाला प्लास्टर, जे त्या मुलाचे आहे ते बाहुलीचे. बाजारातल्या गुलाबी गालांच्या बाहुलीला दम लागतो हे मुलाला पटत नाही. आपल्यासारख्या दिसणारीला लागतो, हे लगेच पटते. मास्क वेगळा विणून एका बाजूने टाचावा. मुलाचा खरा मास्क बाहुलीला लावू नये. लोकरीचे सुटे तंतू त्यात राहिले तर पुढच्या श्वासाबरोबर आत जातील.

या आकाराच्या बाहुलीला एक दुःखी इतिहास आहे. कॅनडाचा मार्क इस्फेल्ड हा सैनिक शांतिसेनेबरोबर क्रोएशियात भूसुरुंग काढण्याच्या कामावर होता. त्याची आई कॅरोल त्याला लहान लहान बाहुल्या विणून पाठवी आणि तो त्या तिथल्या मुलांना वाटे. २१ जून १९९४ रोजी सुरुंगाच्या स्फोटात तो गेला. आईने विणणे थांबवले नाही. मार्कच्या लाडक्या नावावरून या ‘इझी’ बाहुल्या आजही विणल्या जातात. औषधांच्या खोक्यांत त्या भरण म्हणून घालतात, म्हणजे बाटल्याही फुटत नाहीत आणि मुलांना बाहुलीही मिळते.

आपल्याकडे लोकर म्हणून स्वस्तात मिळते ते बहुतेक अॅक्रिलिक असते. पेट्रोलियम शुद्धीकरणातून मिळणारा प्रॉपिलीन वायू आणि अमोनिया यांपासून अॅक्रिलोनायट्राइल बनते, त्यातून हा धागा. माहुलच्या खिडकीतून दिसणाऱ्या धुराड्यांचे आणि हातातल्या गुंड्याचे असे दूरचे नाते आहे. धाग्याची स्वतःची ॲलर्जी क्वचितच होते. त्रास देतो तो त्यात साठणाऱ्या धुळीतला माइट हा डोळ्यांना न दिसणारा किडा. आपल्या त्वचेचे गळलेले कण हे त्याचे अन्न आणि मुंबईची दमट हवा त्याला मानवते. दम्याच्या मुलाने रात्रभर नाकाशी धरलेली न धुतलेली बाहुली त्याचा दम वाढवूही शकते.

सुती धाग्याची बाहुली ६० अंशांच्या पाण्यात धुता येते, माइट मरतो. अॅक्रिलिक त्या पाण्यात सैल पडते. ती बाहुली पिशवीत बांधून दिवसभर डीप फ्रीझमध्ये ठेवावी, मग साध्या पाण्यात धुवावी, कारण मेलेल्या माइटची विष्ठाही ॲलर्जी आणते. पंधरवड्यातून एकदा पुरे. आत जुन्या चिंध्या भरू नयेत, त्या आतून ओल्या राहून बुरशी धरतात. पॉलिस्टरचा कापूस लवकर वाळतो.

डोळे दोऱ्याने भरावेत. बटण, मणी, टिकल्या तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकतात. लोंबता लांब दोरा नको. तान्ह्या बाळाच्या बोटाला धागा गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा तुटल्याची उदाहरणे बालरोगतज्ज्ञांना परिचित आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी कोणतीही मऊ बाहुली ठेवू नये. बचत गटाला या बाहुल्या विकायच्या असतील तर आणखी एक गोष्ट: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या हस्तकलेला त्यातून सूट आहे, तेव्हा आधी ती नोंदणी करून घ्यावी. बटणाच्या धोक्याला मात्र अशी सूट नसते.

बाहुलीने हवा स्वच्छ होत नाही, हे विणणाऱ्या बायकांना कुणी सांगायला नको. आणि मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, त्याला पाणी पिता किंवा वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पंप देत देत थेट रुग्णालय गाठावे.

शेवटी विणकामातलीच एक सूचना. एकसारख्या दोन बाहुल्या एकदमच विणाव्यात. एक धुवायला गेली की दुसरी हाताशी असते, पंपाची वेळ चुकत नाही. उरलेल्या लोकरीतून तोच रंग पुन्हा मिळत नाही, आणि सदऱ्याचा निळा जरा जरी बदलला तरी चार वर्षांचे मूल ‘ही माझी नाही’ म्हणून ती बाहुली परत करते.