पाठ टेकली की नाही?

गावच्या जत्रेतली कुस्ती तुम्ही पाहिलीच असेल. हलगी कडाडते, पैलवान शड्डू ठोकतात, सलामी झडते आणि बघता बघता एक जण दुसऱ्याला आस्मान दाखवतो. पण कधी कधी निकाल लागल्यावरही मैदान शांत होत नाही. अर्धे लोक म्हणतात, "पाठ लागली!" उरलेले अर्धे म्हणतात, "छे, एक खांदा वरच होता!" गंमत अशी, की दोन्हीकडचे लोक आपापल्या डोळ्यांनी पाहिलेले खरे तेच सांगत असतात. मग हे होते कसे?

असाच प्रसंग २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरातील वाडिया पार्कच्या मैदानावर घडला. तेथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या अखेरच्या कुस्त्या चालल्या होत्या. या स्पर्धेत गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता यांच्यात शेवटची कुस्ती होते. गादी विभागातील निर्णायक लढतीत पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ आणि नांदेडचा शिवराज राक्षे समोरासमोर आले. पंचांनी मोहोळने राक्षेला चितपट केल्याचा निर्णय दिला. राक्षेचे म्हणणे असे, की आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेलेच नव्हते. वाद हाताबाहेर गेला, पंचांवर लाथ उगारण्यापर्यंत गेला. पुढे अंतिम कुस्तीत मोहोळची गाठ सोलापूरच्या महेंद्र गायकवाडशी पडली. तेथेही अखेरच्या क्षणी गुणावरून मतभेद झाला, गायकवाडने मैदान सोडले आणि मोहोळ विजयी ठरला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवरही नंतर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

पैलवानाच्या आयुष्यात तीन वर्षे म्हणजे केवढा काळ! कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा आपण येथे करणार नाही. आपण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभेल असा प्रश्न विचारू : पाठ टेकणे म्हणजे नेमके काय, आणि ते डोळ्यांना किती अचूक दिसू शकते?

माणूस पडतो कसा?

आधी पडण्याचे शास्त्र पाहू. प्रत्येक वस्तूचे सारे वजन जणू एका बिंदूत एकवटलेले असते. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. ताठ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या आसपास असतो. तेथून सोडलेला ओळंबा जोवर दोन पावलांमधल्या जागेत पडतो, तोवर माणूस उभा राहतो. ओळंबा त्या जागेबाहेर गेला, की तोल गेलाच.

आता थोडे गणित करू. शंभर किलो वजनाचा पैलवान ताठ उभा आहे आणि त्याच्या गुरुत्वमध्याचा ओळंबा पायांच्या कडेपासून २५ सेंटिमीटर आत आहे. प्रतिस्पर्धी त्याला १४० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे खांद्याला रेटतो. तरफेच्या नियमाने १०० गुणिले २५ भागिले १४०, म्हणजे सुमारे १८ किलो वजनाइतका जोर लावला, की तो कलू लागेल. हाच पैलवान पाय फाकून, कमरेत वाकून उभा राहिला तर? ओळंबा कडेपासून ४० सेंटिमीटर आत जातो आणि खांदा ९० सेंटिमीटर उंचीवर येतो. आता १०० गुणिले ४० भागिले ९०, म्हणजे सुमारे ४४ किलोइतका जोर लागतो. माणूस तोच, वजन तेच. पण पाडायला अडीचपट जोर हवा! वस्ताद तालमीत "खाली बस, खाली बस" म्हणून का ओरडत असतात, ते आता ध्यानात आले ना?

डावांचेही असेच आहे. एकेरी पट काढणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक पाय उचलणे. त्यामुळे दोन पावलांची पसरट बैठक एका पावलाएवढी उरते. धोबीपछाडीत पैलवान वळून आपली कंबर प्रतिस्पर्ध्याच्या गुरुत्वमध्याखाली नेतो. कंबर झाली टेकू, ओढलेला हात झाला तरफेचा दांडा. मग धोब्याने कपडा आपटावा तसा भला थोरला गडी खांद्यावरून पुढे येतो.

माती लिहून ठेवते, गादी ठेवत नाही

मातीच्या आखाड्यातील तांबडी माती चाळून घेतात. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू असे पदार्थ मिसळून ती मऊ राखतात. पाय तिच्यात किंचित रुततो आणि बोटांना पकड मिळते. घामाने अंग निसरडे झाले, की पैलवान मूठभर माती चोळतो. घर्षण वाढते आणि हात सुटत नाही. गादीवर मात्र पायात बूट असतात. गादी पायाखाली रुतत नाही, म्हणून हालचाल चपळ होते.

हा फरक लहान नाही. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना अनोळखी गादीवर लढावे लागले आणि ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

पण आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो मातीच्या आणखी एका गुणाचा. हरण्याला आपण "पाठीला माती लागली" असे का म्हणतो? कारण माती हे नोंद ठेवणारे साधन आहे! पाठ टेकली, की तिच्यावर मातीचा ठसा उमटतो आणि तो कुस्ती संपल्यावरही दिसतो. गादी असा ठसा ठेवत नाही. तरी मातीची साक्षही अपुरीच. दोन्ही खांद्यांना माती लागली, एवढे ती सांगेल. दोन्ही एकाच वेळी टेकले होते का, आणि किती वेळ, हे ती सांगू शकत नाही. शिवाय लढता लढता पैलवानाचे सारे अंगच मातीने माखलेले असते.

बघायचे कोठून?

एक प्रयोग करा. टेबलावर फूटपट्टी सपाट ठेवा आणि तिच्या एका टोकाखाली रुपयाचे एक नाणे सरकवा. आता उभे राहून वरून पाहा. पट्टी टेबलाला टेकली आहे असेच वाटेल. मग खाली वाकून डोळे टेबलाच्या पातळीला आणा. फट लगेच दिसेल! खांद्याचेही तसेच आहे. खाली सापडलेला पैलवान मान आणि टाचा रोवून अंगाची कमान करतो. तेव्हा त्याचा खांदा गादीपासून बोटभरच वर असतो. उभ्या माणसाला ती फट दिसणे कठीण. म्हणूनच पंच चटकन गुडघ्यांवर येतात, प्रसंगी पोटावर पालथे पडून पाहतात.

खाली वाकले तरी अडचण संपत नाही. पंच एका खांद्याच्या बाजूला असले, तर जवळच्या खांद्याआड पलीकडचा खांदा लपतो. डोक्याच्या बाजूने पाहिले तर दोन्ही दिसतात. पण पैलवान काही पंचांच्या सोयीने पडत नाहीत! प्रेक्षकांपैकी प्रत्येकाची जागा वेगळी, म्हणून प्रत्येकाला दिसणारे चित्रही वेगळे. पूर्वेकडच्या बाकावरून पाठ टेकलेली दिसेल आणि त्याच क्षणी पश्चिमेकडच्या बाकावरून फट दिसेल. दोघेही खोटे बोलत नाहीत.

डोळ्याला किती वेळ लागतो?

आता वेळेचा विचार करू. मित्राला फूटपट्टी उभी धरायला सांगा. शून्याची खूण खाली, तुमचा अंगठा आणि बोट तिच्या दोन बाजूंना, पण पट्टीला न लावता. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरल्यावर पकडलीत, तर तुम्हाला सुमारे ०.२ सेकंद लागला. १५ सेंटिमीटरवर पकडलीत तर सुमारे ०.१७ सेकंद. सराव केला तरी हा वेळ शून्य होत नाही. डोळ्याने पाहिलेले मेंदूत पोचायला, मेंदूने ठरवायला आणि स्नायूंनी हालायला वेळ लागतोच. एका ठिकाणावरची नजर दुसऱ्या ठिकाणी नेण्यासही जवळजवळ तेवढाच वेळ जातो.

समजा, एक पैलवान सेकंदाला दोन मीटर वेगाने पाठीवरून लोळतो आहे. ०.२ सेकंदात तो ४० सेंटिमीटर सरकेल. मोठ्या माणसाच्या दोन खांद्यांमधले अंतरही साधारण एवढेच! म्हणजे पंचांनी डावा खांदा टेकलेला पाहिला आणि नजर उजव्याकडे नेली, तर तोवर उजवा टेकलेला असेल आणि डावा उठलेला असेल. डोळ्याला मात्र वाटेल, की दोन्ही टेकले.

म्हणूनच कुस्तीचा आंतरराष्ट्रीय नियम मोठ्या विचाराने केलेला आहे. नुसता स्पर्श झाला म्हणजे चितपट होत नाही. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागले पाहिजेत आणि पूर्ण ताबा आहे याची पंचांना खात्री पटेल इतपत ते दाबून धरले गेले पाहिजेत. हे थोडे थांबणे म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिलेली सवलतच आहे. शिवाय मुख्य पंचांच्या जोडीला बाजूचे पंच आणि गादीप्रमुख असतात. चितपटीला त्यांच्यापैकी एकाची संमती लागते. तिघे तीन ठिकाणांहून पाहतात, म्हणजे तीन कोनांतून मोजमाप होते.

मग कॅमेरा लावला की झाले, असे तुम्ही म्हणाल. कॅमेरा उपयोगी खराच, पण त्यालाही मर्यादा आहेत. सेकंदाला २५ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमध्ये ०.०४ सेकंदाचे अंतर असते. तेवढ्यात आपला लोळणारा पैलवान आठ सेंटिमीटर सरकतो. त्याहून मोठी अडचण कोनाची. उंचावरून घेतलेल्या चित्रात बोटभर फट दिसत नाही, मग ते चित्र शंभरदा थांबवून पाहा! फूटपट्टी आणि नाण्याचा प्रयोग आठवा. वेगवान कॅमेरा, गादीच्या पातळीवर आणि एकाहून अधिक बाजूंनी, असा लावला तर तो खरी मदत करील.

हरणे आणि मोजणे

कुस्तीच्या बाबतीत अहिल्यानगर जिल्हा मागे नाही. वाडिया पार्कच्या त्या स्पर्धेनंतर मार्च २०२५ मध्ये जिल्ह्यातील कर्जत येथे दुसऱ्या संघटनेनेही महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरवली आणि तेथे सोलापूरचा वेताळ शेळके विजयी झाला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावचा हर्षवर्धन सदगीर २०२० साली पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरी झाला. अंतिम कुस्तीत त्याने लातूरच्या शैलेश शेळकेला अवघ्या एका गुणाने, ३-२ असे हरवले. दोघेही एकाच वस्तादांचे, काका पवारांचे पठ्ठे. जिंकल्यावर सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले.

एका गुणाचा फरक म्हणजे किती बारीक फरक! अशा ठिकाणी मोजमाप जितके काटेकोर असेल, तितका हरणाऱ्याच्या मनात सल कमी राहतो. प्रयोगशाळेत आपण एक वाचन घेऊन थांबतो का? नाही. तीनदा मोजतो आणि डोळा खुणेच्या पातळीवर आणतो. आखाड्यातही तेच हवे.

पुढच्या जत्रेत कुस्ती पाहायला जाल, तेव्हा दोन-तीन मित्र मैदानाच्या वेगवेगळ्या बाजूंना बसा. प्रत्येक चितपटीच्या वेळी आपल्याला काय दिसले, ते एकमेकांना न विचारता वहीत लिहा. मग वह्या जुळवून पाहा. किती ठिकाणी जुळते आणि किती ठिकाणी नाही, हे कळल्यावर पंचांचे काम किती अवघड आहे, ते कोणी तुम्हाला वेगळे सांगायला नको.